गोदाच्या ओट्यावर

गोदा,

तुझं तेरावं झालं आणि काल संध्याकाळी चौकात तुझ्या दुखवट्याची सभा भरली. मी ती अर्ध्यात सोडून उठले. लोक म्हणाले, मास्तरीणबाईंना रडू आवरेना. रडू कसलं, गोदा! हाताशी दगड असता तर मी तो भिरकावला असता.

सभेला परवानगी किती झटक्यात मिळाली बघ. एरवी या राज्यात चार माणसांनी एकत्र बसून काही बोलायचं म्हटलं की कचेरीत अर्ज, मग वरच्या कचेरीत अर्ज, मग उत्तराची वाट. तुझ्या थोरल्या दिरांनी, किसनरावांनी, नुसता निरोप धाडला आणि दुपारपर्यंत सतरंज्या आल्या, खुर्च्या आल्या, हार आला. खुर्च्या कशा मांडल्या होत्या सांगू? चौकाच्या मधोमध, तुझ्या ओट्याकडे पाठ करून. ओट्यावर बाजारातून परतणाऱ्या नेहमीच्या बाया टेकल्या होत्या. त्यांना किसनरावांच्या गड्यानं उठवलं. "चला, चला, जल्दी करा. मोठी माणसं येऊन राह्यलीत." तुझा दुखवटा करायला तुझ्याच ओट्यावरून माणसं हाकलली, आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग किसनराव बोलायला उभे राहिले. "आमच्या घरची ही धाकटी सून म्हणजे गोरगरिबांची सावली होती," म्हणाले. आवाज दाटला त्यांचा. खरा दाटला की खोटा, मला ठाऊक नाही आणि ते शोधायची इच्छाही नाही. डोळे पुसून त्यांनी जाहीर केलं की तुझी आठवण म्हणून चौकाच्या मध्यावर कारंजं बांधायचं. भोवती लोखंडी कठडा, कठड्याच्या फाटकाला कुलूप, म्हणजे घाण होणार नाही. संगमरवरावर तुझं नाव. आणि ओटा? "ओटा आता जुना झाला. तिथं पूर्वीसारखी दुकानं काढू. चौकाला शोभा येईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी उठले.

मी तुझ्या माडीवर भाड्यानं राहायला आले तेव्हाही चौकाला अशीच शोभा होती. तुझ्या घराच्या पुढच्या अंगाला घोंगड्यांची दुकानं होती, तुझ्या सासऱ्यांनी काढलेली. समोर आडत, एका बाजूला भांड्यांची दुकानं, मध्ये नुसती धूळ आणि गाड्या. जालन्याला बाजाराला येणारं माणूस या चौकातून जायचं, पण थांबायचं नाही. बाया तर पदर ओढून अशा झपाझप जायच्या की जणू चौक म्हणजे नदी आहे आणि पाणी चढायच्या आत पार व्हायचंय. मी शाळेतून येताना तशीच यायचे. मला वाटायचं, चौक असाच असतो.

तुला तसं वाटलं नाही. त्या दिवशी आपण दोघी माडीच्या खिडकीत उभ्या होतो. भर उन्हाळा. भोकरदनकडची कुणी एक बाई, कडेवर तापानं फणफणलेलं पोर, समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली. तिची मोटार सुटायला अवकाश होता. दुकानदारानं तिला काही म्हटलं नाही. शिवी दिली नाही, उठ म्हणाला नाही. आत गेला, बादली घेऊन आला आणि पायरी धुतल्यासारखं करून तिच्या अंगाखाली पाणी सोडलं. ती उठली. ओल्या लुगड्यानं पुढच्या पायरीपाशी गेली. तिथला दुकानदार आधीच बादली घेऊन उभा होता.

मी म्हटलं, "किती माजलेत हे लोक!" आणि खिडकीतच उभी राहिले. तू खाली गेलीस. तुझ्या घरातली बाई तेव्हा अशी भर दुपारी, डोक्यावर पदर नीट न घेता, चौकात जात नसे. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं तुझा. तू त्या बाईचा हात धरून तिला घरात आणलंस, पोराच्या कपाळावर ओला फडका ठेवलास, आणि ती मोटारीला गेल्यावर मला म्हणालीस, "मास्तरीणबाई, एवढा मोठा चौक. आन् एका बाईला ढुंगण टेकायला जागा न्हाई?"

तू असंच बोलायचीस. मी शाळेत मुलींना शुद्ध बोलायला शिकवायची आणि घरी येऊन तुझं ऐकायची.

पहिल्या वेळी तू चुकलीस, हे मी सभेत सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. गावची साफसफाई बघणाऱ्या बल्दियाच्या दारोग्याला गाठून, त्याच्या मागे लागून, तू चौकाच्या मधोमध दगडी बाकं बसवून घेतलीस. घडीव काळ्या दगडाची, सुरेख. आणि कुणी बसेना! कुत्री बसली. एक बैल रोज एका बाकाला अंग घासायला यायचा. माणूस मात्र बाकाला वळसा घालून जायचं. किसनराव हसले होते तेव्हा. "गोदाबाई, लोकांना बसायचंच न्हाई. तुमचा खर्चा फुकट गेला."

तू आठवडाभर चिडलेली होतीस. "बसत कामून न्हाईत? कामून?" म्हणत खिडकीशी बसून राहायचीस. आणि एका सकाळी, भाकरी थापता थापता, परातीत हात तसेच ठेवून म्हणालीस, "माझ्या बापाची मेंढरं आठवली. माळावर मोकळी सोडली तरी मधोमध बसायची न्हाईत. बांधाला, नाहीतर झुडपाच्या कडंला. पाठीमागं काहीतरी पाह्यजे अन् समोर मोकळं पाह्यजे. माणूस काय येगळं असतंय? मधी बसलं की चहूकडून लोक बघतेत. कोण बसंल?"

मी म्हटलं, "माणसं म्हणजे मेंढरं नव्हेत."

"न्हाईत. मेंढराला कुणी बादली घेऊन उठवत न्हाई."

आणि मग तू ते केलंस ज्यासाठी किसनराव तुला आजतागायत माफ करू शकलेले नाहीत, सभेत त्यांनी कितीही डोळे पुसोत. तुझ्या हयातीपुरतं घर तुझ्या ताब्यात होतं, तुझ्यामागं ते दिरांचं. तू दुकानदारांना दुसरीकडे जागा बघायला सांगितलीस, पुढच्या भिंती पाडल्यास आणि दुकानांचं छत तसंच ठेवून चौकाच्या त्या सगळ्या बाजूला लांबच लांब ओटा केलास. घर पूर्वाभिमुख. दुपार कलली की सावली आपोआप पुढे उतरायची. मागे भिंत, वर छप्पर, समोर सगळा बाजार.

ओटा एकाच उंचीचा करत होता गवंडी. तू त्याला थांबवलंस. खालची पायरी बसायची, पाय जमिनीला टेकतील अशी. आणि मागची उंच, छातीला लागेल अशी. मी विचारलं, एवढी उंच कशाला? तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी पाढे चुकलेल्या मुलीकडे बघते. "डोक्यावर भारा घेऊन कधी चाललीस का गं? उतरवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून बाई थांबत न्हाई. एकदा उतरवला तर परत चढवणार कोण? इथं ती परस्पर भारा सरकवून ठेवील, अन् जाताना परस्पर घेईल. कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई."

तुझ्या त्या उंच पायरीवर पहिला भारा ठेवला गेला तेव्हा तू खिडकीत तोंडावर पदर धरून हसत होतीस. मी तुला इतकी आनंदी त्याआधी पाहिली नव्हती. नवऱ्यामागं जगायचं कशासाठी, हा प्रश्न तू मला कधी विचारला नाहीस. मीही नाही. पण त्या दिवशी तुला उत्तर मिळालं असं मला वाटलं, आणि त्याबद्दल मी त्या अनोळखी बाईची आजही ऋणी आहे.

रांजण ठेवलेस, वाळ्याचं पाणी. ओट्याच्या टोकाला करीमचाचाला भट्टी लावायला जागा दिलीस. तो फुटाणे भाजायचा. आधी घाबरत होता. "बाई, मालक लोगां कुछ बोले तो?" तू म्हणालीस, "मालकीण मी हाय. तुमी भट्टी लावा. वास सुटला की माणूस थांबतंय, अन् हातात काही असलं की बसतंय." बरोबर तसंच झालं. पुरचुंडी घ्यायची, बसायचं, एकेक दाणा तोंडात टाकत गाड्या बघायच्या, कुणाची भांडणं बघायची, कुणाचं लग्न ठरतंय ते ऐकायचं. पुढच्या वर्षी लोक तुझ्या मधल्या दगडी बाकांवरही बसायला लागले. जागेला एकदा माणसांची सवय लागली की ती पसरते, हे तेव्हा आपल्याला कळलं.

आणि आपलं भांडण. ते मिटलंच नाही, गोदा. मी म्हणत होते, बायकांची बाजू वेगळी कर, तिथं बांबूच्या चिकाचा पडदा सोड. चांगल्या घरच्या बाया उघड्यावर, पुरुषांच्या नजरेत बसणार नाहीत. तू ऐकेनास. "पडदा लावला की तिथं काही लपवायसारखं हाय असं वाटतंय. एक बाई बसलेली दिसली की दुसरी बसती. न दिसली तर कशी बसंल?" मी म्हणायची, तुझ्या या हट्टापायी माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया कधी इथं टेकणार नाहीत. आणि त्या टेकल्या नाहीत, गोदा. शेवटपर्यंत नाही. भाजीवाल्या आल्या, मजूर बाया आल्या, खेड्यावरून आलेल्या आल्या. वकिलांच्या, आडत्यांच्या घरच्या नाही आल्या. तुझं म्हणणं, "येतील. त्यांच्या लेकी येतील." कोण बरोबर होतं ते आता कसं ठरवायचं? तू भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलीस. मी रोज दोन्ही बाजूंनी बोलते आणि रोज हरते.

पोलिसांचा जमादार आला होता ती दुपार तेवढी मला राग न येता आठवते. इथं रोज एवढे लोक का जमतात, म्हणून चौकशीला आला होता. तू दारात उभी राहून म्हणालीस, "जमत न्हाईत जमादारसाहेब, बसतेत. जमणं येगळं, बसणं येगळं."

"फरक काय आहे?"

"तुमी बसून बघा की."

तो बिचारा बसला. करीमचाचानं पुरचुंडी दिली. पट्टा सैल करून बसला तो, आणि उठायचं विसरला. निघताना म्हणाला, "बिलकुल ठीक है," आणि गेला. पुढे तो दर बाजाराला यायचा.

पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते अजून लिहिलं नाही. हात तिथं जायला तयार नाही.

ठमा. गावकुसाबाहेर राहणारी, सरपणाच्या मोळ्या विकणारी. इतक्या बाया ओट्यावर बसत होत्या, पण ती कधी बसली नव्हती. मोळी विकली जाईपर्यंत भर उन्हात चौकाच्या पलीकडे उभी राहायची. तू तिला वरून हाक मारलीस, "ए ठमे, सावलीला बस की." तिनं मान हलवली, नाही म्हणून. तू खाली गेलीस. तिच्या डोक्यावरची मोळी स्वतः धरून उंच पायरीवर ठेवलीस आणि तिला बसवलंस. स्वतः तिच्याशेजारी बसलीस. रांजणातलं पाणी तांब्यानं काढून तिला दिलंस, मग त्याच तांब्यानं तू प्यालीस. ओट्यावरची निम्मी माणसं उठून गेली. करीमचाचाची भट्टी चालू होती, तिचाच काय तो आवाज.

संध्याकाळी किसनराव आले, आणखी चार प्रतिष्ठितांना घेऊन. मी जिन्यात उभी होते.

"गोदाबाई, आजवर आम्ही काही बोललो न्हाई. दुकानं गेली, तरी बोललो न्हाई. पण हे चालायचं न्हाई. तिला उठवा, रांजण फोडा."

"ती गेली घरी, भावजी. तिची मोळी विकली."

"उद्या येईल."

"येऊ दे. टेकलेल्या माणसाला मी जात इचारणार न्हाई. तुमाला इचारायची तर तुमच्या ओट्यावर इचारा."

"हा ओटा आमच्याच घराचा हाय."

"माझ्या मागं तुमचाच. मी हाय तोवर माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दार उघडलंस, आणि मी वरून फक्त तुझा श्वास ऐकला. सगळ्या ओट्याला वंगण फासलेलं होतं. बैलगाडीच्या आसाला घालतात ते काळं, चिकट वंगण. बसायच्या पायरीला, ओझ्याच्या पायरीला, मागच्या भिंतीला. रांजण फुटलेले. एवढं वंगण एका वेळी या गावात कुणाच्या घरी असतं? ज्याच्या गाड्यांची रांग कापसाच्या दिवसांत नदीपर्यंत लागते त्याच्या. सगळ्या चौकाला ते ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं.

मी म्हटलं, चल कोतवालीत. नाव घे. मी साक्ष देते, त्यांच्या गड्याच्या धोतराला लागलेलं वंगण मी सकाळी पाहिलंय.

तू राख आणि काथ्या घेऊन घासायला बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "नाव घ्यायचं न्हाई."

"का? दीर म्हणून? भितेस?"

"मी काय भेऊन राह्यले का? नाव घेतलं तर त्यो माणूस इथं कवाच बसणार न्हाई."

"नकोच बसायला!"

"मंग ओटा कशाला केला?"

मी रागानं वर निघून गेले. खिडकीतून बघत होते. तू घासत होतीस. थोड्या वेळानं करीमचाचा आला, मग भाजीवाल्या दोघी. मग ठमा आली, मोळी न घेता. तुझ्याशेजारी बसली आणि घासायला लागली. वंगण दगडातून निघता निघत नव्हतं. मग मीही खाली उतरले. काय करणार!

आणि तुझंच खरं झालं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दोन पावसाळे गेले आणि किसनराव संध्याकाळचे ओट्यावर येऊन बसायला लागले. आधी टोकाला, मग करीमचाचाजवळ. गुडघे दुखायचे त्यांचे. घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, हेही सगळ्या चौकाला ठाऊक होतं. त्यांना तू पाणी द्यायचीस. ठमा प्यायची त्याच नव्या रांजणातलं. ते प्यायचे. एकदाही त्यांनी त्या सकाळचा विषय काढला नाही, आणि तूही नाही. मी तुला म्हणायची, निदान एकदा तरी त्यांना म्हणू दे, चुकलं म्हणून. तू म्हणायचीस, "बसलेत की. आनखी काय म्हनायचं?"

गोदा, बसणं म्हणजे चुकलं म्हणणं नव्हे! मी हे तुला शंभरदा सांगितलं असेल. माणूस आरामात बसतो, पाणी पितो, आणि त्याच्या मनात काहीही बदललेलं नसतं. काल ते दिसलं. त्यांना सावली आवडली, तुझं पाणी गोड लागलं, पण ओटा त्यांनी कधीच तुझा मानला नाही. वाट बघत बसले होते ते तिथं, गोदा. तुझ्या मरणाची.

हे लिहून गेले. खोडणार नाही.

मी तुला म्हणत होते, त्यांच्याकडून लेखी घे, की तुझ्यामागं ओटा मोडणार नाही. त्यांचं मन मऊ होतं तेव्हा घ्यायचंस. तू हसलीस. "कागद हाय म्हणून कुणी बसतं का?" कागद नाही म्हणून आता उठवतायत, त्याचं काय?

आणि तुझा शेवट. त्यावर मला बोलायचं नव्हतं. विषमज्वरानं तू झिजत होतीस, शुद्धीवर होतीस, आणि एकच मागणं होतं तुझं: "माझी बाज खाली ओट्यावर टाका. माणसांचा आवाज कानावर पडू द्या." बाज उचलायला करीमचाचा आणि ठमाचा नवरा दारात येऊन उभे राहिले होते. किसनराव आडवे आले. "आमच्या घरची सून रस्त्यावर मरणार? लोक काय म्हणतील?" मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा वडीलधाऱ्यावर ओरडले. आणि तू, गोदा, तू मला हात केलास आणि म्हणालीस, "असू दे, बाई."

असू दे! वंगणाच्या वेळी असू दे, रांजणाच्या वेळी असू दे, आणि मरतानाही असू दे. मागच्या खोलीत, बंद खिडकीशी, तू गेलीस. बाहेर बाजाराचा दिवस होता. ओटा भरलेला होता. तुला काही ऐकू गेलं नाही. तुझा मला राग आहे, हे मी तुला जिवंतपणी कधी नीट सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. तुझ्यावर माया करायला सगळा चौक आहे. राग धरायला मी एकटीच.

आता आजचं ऐक.

सकाळी गवंडी आले. गाढवांवर विटा, चुना. तुझ्या ओट्यापुढे भिंत उचलायची, मग दारं बसवायची. किसनरावांनी घाई केली, एक दिवसही जाऊ दिला नाही. मी माडीवरून विटा उतरताना पाहिल्या आणि शाळेत निरोप धाडला, आज मी येत नाही. खाली जाऊन ओट्यावर बसले. सकाळचं ऊन थेट अंगावर. एकटीच. गवंडी म्हणाला, "बाई, जरा उठता का? दोरी लावायची."

"नाही."

"मंग मी भिंत कशी घालू?"

"नको घालू."

तो बिचारा उभा राहिला. मग ठमा आली. मोळी डोक्यावर होती. विटा बघितल्या, मला बघितलं, मोळी उंच पायरीवर सरकवली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. भाजीवाल्या आल्या. करीमचाचानं भट्टी पेटवली, रोजच्यासारखी, गवंड्याच्या चुन्याच्या ढिगाला खेटून. आणि मग, गोदा, माझ्या शाळेतली एक मुलगी आली, तिच्या आईला घेऊन. आडत्याच्या घरची बाई. मी आले नाही म्हणून चौकशीला आल्या होत्या दोघी. आई पदर सावरत चौकात उभी राहिली, इकडेतिकडे बघत. मुलगी सरळ येऊन माझ्या पलीकडे बसली. आई बराच वेळ उभी होती. मग ओट्याच्या अगदी कडेला, निम्मी अधांतरी, टेकली. पडदा नव्हता, गोदा. आपल्या भांडणाचा निकाल लागला असं मी म्हणणार नाही. पण ती बसली.

दुपार कलली. घराची सावली पुढे सरकली. गवंडी करीमचाचाकडून फुटाणे घेऊन आमच्यातच बसला होता. आणि किसनराव आले, काठी टेकत. गड्याला मागे ठेवून एकटेच पुढे आले. सगळा चौक बघत होता. आडतीतली माणसं दारात आली.

"मास्तरीणबाई, हे काय चाललंय?"

"बसलोय."

"उठा."

कुणी उठलं नाही. ते सावलीच्या बाहेर, उन्हात उभे होते आणि धाप लागली होती त्यांना. मला काही वाटलं नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, उभे राहा.

ठमाच बोलली. "मालक, उन्हात कामून उभे? बसा की."

आणि ती सरकली. ज्या बाईमुळं त्यांनी ओट्याला वंगण फासायला लावलं होतं, ती त्यांच्यासाठी सरकली. पण तेवढ्यानं जागा होईना. एका बाजूला भाजीवाल्या खेटून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला मी; बाकीच्या ओट्यापुढे विटा आणि चुना पडलेला. मी सरकले असते तर एक माणूस सहज मावलं असतं. ठमा माझ्याकडे बघत होती. ती मुलगी, तिची आई, करीमचाचा, सगळे बघत होते. किसनराव त्या अरुंद जागेकडे बघत होते.

मी सरकले नाही.

बराच वेळ ते तसेच उभे होते. मग गवंड्याला म्हणाले, "आज राहू दे," आणि काठी टेकत निघून गेले. उद्या विटा पुन्हा येतील. आम्हीही येऊ. ठमा अजून माझ्याशी बोललेली नाही. तू असतीस तर कोपरानं ढोसून मला बाजूला केलं असतंस, आणि मी चरफडत का होईना, त्यांना जागा दिली असती.

पण तू नव्हतीस.